राचप्पा बोलायला शिकला

राचप्पा हा हंपव्वाचा सख्खा मामा, आणि तोच तिचा नवरा. आमच्या गुळेदगुड्डात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी सोलापूरहून इथं सून म्हणून आले तेव्हा मला जरा नवल वाटलं होतं. पण या गल्लीत जन्म गेला आता, माझं मराठीसुद्धा कानडीच्या अंगानं जातं, तिथं नवल कसलं राहतंय.

राचप्पाची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, नीलव्वानं. भावाला परकी बायको आली तर तो दुरावेल, या भीतीनं तिनं आपली पोटची पोर त्याला दिली. हंपव्वा लहानपणी त्याला मामा म्हणायची, ती लग्नानंतरही मामाच म्हणत राहिली. भांडण झालं की सगळ्या गल्लीला ऐकू यायचं, "मामा, जेवायचं तर जेवा, नाहीतर जाऊन माझ्या आईला सांगा." आणि तिची आई म्हणजे याची बहीणच, राहायला समोरच्या घरात. तक्रार घेऊन जाणार कुठं, याची त्या बिचाऱ्याला कायम अडचण.

राचप्पा खण विणायचा. बाहेरच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून तो सकाळी मागावर बसला की दिवेलागणीला उठायचा. बोलण्यात भारी कंजूष. त्याच्या मागाचा आवाज बंद झाला की गल्ली समजायची, राचप्पा जेवायला उठला. त्याच्या तोंडून काही कळायचं म्हणजे एवढंच.

त्यांना मुलगी झाली ती पौष महिन्यात, बनशंकरीच्या जत्रेच्या तोंडावर. म्हणून नाव बनशंकरी, आणि हाक बनव्वा. गोरी, गुटगुटीत, सारखी हसणारी. एकदा मी त्यांच्याकडं शेंगा फोडत बसले होते. फळीवरची पितळी घागर सुटली आणि फरशीवर आपटून दारापर्यंत गडगडत गेली. मागावरचा राचप्पासुद्धा दचकला. पाळण्यातली पोर मात्र आपल्या पायाच्या अंगठ्याशी खेळत राहिली. हंपव्वानं घागरीकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग उठून तिनं मुद्दाम ती घागर पुन्हा उचलली आणि पुन्हा टाकली. पोर अंगठा चोखायला लागली होती.

त्यानंतर नवस झाले, अंगारे झाले, बागलकोटचे डॉक्टर झाले. पोरीला जन्मापासून ऐकू येत नाही हे ठरलं. चालायलाही ती फार उशिरा लागली, उभी राहिली की भेलकांडायची. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतच तोल सांभाळायची जागा असते, तीही कच्ची असेल. हंपव्वा थोडे दिवस रडली आणि मग कामाला लागली. तोंडानं होत नाही ते हातानं करू, असं तिनं मनाशी घेतलं. मायलेकींनी दोघींपुरती एक भाषाच उभी केली. नाकातल्या चमकीला बोट लावलं की अव्वा, म्हणजे आई. कपाळावर अंगठा टेकवला की मी, कारण माझं कुंकू रुपयाएवढं. गालात पान धरल्यासारखं तोंड केलं की नीलव्वा. मूठ आवळून मागाची दोरी ओढायची आणि धोटा इकडून तिकडं पळवायचा, की अप्पा.

अप्पाला मात्र तीनच खुणा येत होत्या, ये, जेव आणि झोप. हंपव्वा म्हणायची, अहो, पोरीशी दोन शब्द बोलत जा. त्यावर तो म्हणायचा, तू आहेस की. माया नव्हती असं नाही. मागाखाली पडलेले रेशमाचे तुकडे वेचून तो तिच्या वेणीला गोंडे करून द्यायचा, आणि ती मागापाशी येऊन बसली की तिचा हात मागाच्या खांबाला लावून ठेवायचा. खांब दणाणायचा आणि पोर खुदुखुदु हसायची. त्याच्या लेखी हेच बोलणं होतं, आणि त्याला ते पुरेसं वाटत होतं.

सातव्या वर्षी तिला जिल्ह्याच्या गावी बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. तिथं वसतिगृह होतं. सुटीला घरी आली की तिचे हात पाखरासारखे उडायचे. नव्या नव्या खुणा, शाळेतल्या मैत्रिणींच्या चहाड्या, बाईंच्या नकला. हंपव्वा चुलीपाशी बसून एकेक शिकून घ्यायची. राचप्पा मागावरून बघत राहायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "अक्का, एवढं काय सांगत असेल हो ती?" मी म्हटलं, "जाऊन विचार की." तो हसला आणि त्यानं धोटा फेकला.

अकराव्या वर्षी शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला, मुलगी संध्याकाळी अडखळून पडते, एकदा येऊन जा. आम्हाला वाटलं रातांधळेपणा. हंपव्वानं पालेभाज्यांचा सपाटा लावला, गाजरं चारली, कुणी सांगितलं म्हणून शेवग्याचा पाला वाटून दिला. मग कळलं की दिवसाढवळ्यासुद्धा तिला समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं दिसत नाही. ताट दिसतं, पण ताटाशेजारचा तांब्या ती लवंडून टाकते. तेव्हा दोघं तिला हुबळीला मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवून, पाणी देऊन सांगितलं. डोळ्याच्या मागचा पडदा झिजतोय. जन्मतः कान नसणं आणि पुढं डोळे जाणं हा एकच आजार आहे. नळीतून बघावं तसं तिला दिसत जाईल, नळी बारीक होत जाईल, आणि काही वर्षांनी बंद होईल. औषध नाही. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, तुमचं नात्यातलं लग्न आहे का? हंपव्वा "हो" म्हणाली. राचप्पानं खाली घातलेली मान गावात येईपर्यंत वर केली नाही.

त्या प्रश्नाचा घाव खरा बसला तो नीलव्वाला. तिनं जेवण सोडलं, पान सोडलं. एक दिवस सकाळी ती समोरच्या घरातून आली आणि सगळ्यांदेखत लेकीच्या पायाशी बसली. म्हणाली, भाऊ दूर जाऊ नये म्हणून मी तुला त्याच्या गळ्यात बांधली, माझ्या लोभानं या पोरीचे डोळे गेले. हंपव्वा भाकरी थापत होती. तिनं पिठाचे हात तसेच ठेवले आणि आईकडं बघून म्हणाली,

"अव्वा, मला दुसऱ्या कुणाला दिली असतीस तर ही कुठून आली असती? मला दुसरी नको होती. हीच हवी. आता पान खा आणि घरी जा, माझा तवा करपतोय."

नीलव्वा गेली. दुपारी तिच्या ओसरीवर पानाची पिंक दिसली आणि आम्ही सगळ्यांनी निःश्वास टाकला.

बनव्वाचं बोलणं हातात आलं ते कुणी शिकवून नव्हे. एका संध्याकाळी वीज गेली. पोर काहीतरी विचारत होती, हंपव्वा उत्तर देत होती आणि अंधारात पोरीला खुणा दिसत नव्हत्या. ती चिडली. पुढं सरकून तिनं आईची दोन्ही मनगटं धरली आणि "बोल" असं हलवलं. हंपव्वा बोलली. पोरीच्या हातांनी आईचे हात वाचले. मी कंदील घेऊन आले तर हंपव्वा मला म्हणाली, "अक्का, थांबा, उजेड नको एवढ्यात." कंदील मी दाराबाहेरच ठेवला. आत त्या दोघी बऱ्याच वेळ तशाच बसल्या होत्या, एकमेकींचे हात हातात घेऊन, झोंबी खेळत असल्यासारख्या.

पुढं नळी बारीक होत गेली. शाळेत जाणं थांबलं. ती तेरा-चौदा वर्षांची असताना एका सकाळी राचप्पा मागावर बसलाच नाही. त्यानं घरातले, शेजारचे, ओळखीच्या विणकरांकडचे असतील नसतील तेवढे खण गोळा केले आणि गच्चीवर उन्हात पसरले. जांभळे, हिरवे, चिंचोळ्या काठाचे, मोराचे, रथाचे, तेरड्याच्या फुलांचे. मग पोरीला हाताला धरून वर नेलं. ती गुडघ्यांवर बसून, डोळे अगदी कापडाला टेकवून एकेक खण बघत गेली. नक्षीवर बोट ठेवायची, मग कापड उलटं करून मागचे धागे बोटानं चाचपायची, मग पुन्हा सुलटं करून बघायची. ऊन डोक्यावर आलं तरी हलेना. राचप्पा शेजारी उभा राहून तिच्यावर आपल्या उपरण्याची सावली धरत होता. काही बोलला नाही. बोलायला येतच नव्हतं त्याला.

सोळाव्या वर्षी तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्या पौषात तिनं हट्ट धरला, जत्रेला जायचं. नातलग म्हणाले, जिला ऐकू येत नाही आणि दिसत नाही तिनं जत्रेत जाऊन करायचं काय? हंपव्वालाही ते पटत होतं. पण पोरीनं आईच्या तळव्यावर पुन्हा पुन्हा तेच सांगितलं, माझ्या नावाची देवी आहे, मी जाणार. शेवटी आम्ही चौघं गेलो, ती तिघं आणि मी. गावातले पुष्कळ लोक टेम्पोनं आले होते. देवळापासून जरा दूर एका चिंचेखाली सगळ्यांनी सामान टाकलं आणि माझे गुडघे दुखरे, म्हणून मी राखणीला बसले.

रथ हलला तेव्हा लोंढा आला. हंपव्वाच्या हातातून पोरीचा हात सुटला. कुणीतरी मधून घुसलं एवढंच तिला आठवतं. वळून बघितलं तर बनव्वा नाही.

पोलिसांची राहुटी होती, तिथं दोघं धावत गेली. हवालदार भला माणूस. हातात माईक घेऊन म्हणाला, नाव सांगा, पुकारतो. राचप्पा म्हणाला, "तिला ऐकू येत नाही." हवालदार म्हणाला, बरं, मग ती हा तंबू बघून येईल का? "तिला दिसत नाही." हवालदारानं माईक खाली ठेवला. मग त्यानं दोन शिपाई त्यांच्याबरोबर दिले आणि स्वतःही शोधायला निघाला. नाटक कंपन्यांच्या तंबूंमागं, तळ्याच्या पायऱ्यांवर, बांगड्यांच्या दुकानांत, बैलबाजारात, जिथं जिथं माणूस जाऊ शकतं तिथं ती फिरली. हंपव्वा सारखी तळ्याकडं परतत होती. का, ते मी तिला कधी विचारलं नाही.

आणि इकडं ऊन कलतं झालं असताना एक अनोळखी जोडपं चिंचेखाली आलं. माणूस धोतरातला, वयस्क, त्याची बायको, आणि दोघांच्या मध्ये बनव्वा. एका हातात शेंगाचटणी लावलेली अर्धी भाकरी.  मी तिचा हात माझ्या कपाळाला लावला. तिनं कुंकू चाचपलं, बोट हुंगायला नाकापाशी नेलं आणि खाली बसून उरलेली भाकरी खायला लागली.

तो माणूस शूळेभावीचा विणकर होता. त्यानं सांगितलं, दोघं जेवायला बसली असताना ही पोर चाचपडत आली, हिनं माझा हात धरला आणि सोडेना. मग हवेत दोरी ओढल्यासारखं, धोटा फेकल्यासारखं करून दाखवायला लागली. मी ओळखलं, मागावरच्या घरातली आहे. चोळी बघितली तर खण गुळेदगुड्डचा. म्हणून तुमच्या गावचे लोक कुठं उतरलेत ते विचारत विचारत आलो. त्याला नीट पाणी विचारायचंही मला सुचलं नाही. तोच मला म्हणाला, "अहो बसा, बसा तुम्ही."

हंपव्वा आणि राचप्पा परत आली तेव्हा पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. हंपव्वानं तिला उठवून एक थोबाडीत दिली आणि मग तिला पोटाशी धरून जी रडली, ती टेम्पोत बसेपर्यंत. राचप्पा बाजूला उभा होता, चिंचेच्या बुंध्याला हात लावून.

खरी पंचाईत पुढंच झाली. हंपव्वा पोरीला घराबाहेर पाऊल टाकू देईना. परसात जायचं तरी पदराचं टोक तिच्या मनगटाला बांधलेलं. बनव्वा कपाळावर दोन बोटांची शिंगं करून दाखवायची आणि मग मनगट पुढं करायची, मी काय वासरू आहे? हंपव्वा म्हणायची, हो, वासरूच. मग पोर हाताला येईल ते फेकायची. एकदा आईच्या हाताला चावली. मग जेवणच सोडलं तिनं. ताट लोटून द्यायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. पोर जेवत नाही म्हणून आई जेवत नाही, दोघी वाळत चालल्या. मी समजावलं, नीलव्वानं शिव्या घातल्या, काही उपयोग झाला नाही.

आणि एक दिवस भर दुपारी राचप्पाचा माग थांबला. जेवणाची वेळ नव्हती. मी सहज डोकावले. राचप्पा खड्ड्यातून वर आला होता, हात धुऊन, पुसून लेकीसमोर मांडी घालून बसला होता. त्यानं आपला हात तिच्या हातात दिला आणि "जेव" अशी खूण केली. तिनं हात झिडकारला. त्यानं पुन्हा दिला. धोट्याची खूण केली, म्हणजे अप्पा, मी आहे. तिनं या वेळी हात धरून ठेवला. पण पुढं काय म्हणायचं ते त्याला कुठं येत होतं? तो बायकोकडं वळला.

"सांग, असं कसं म्हणायचं गं?"

हंपव्वानं त्याचं मनगट धरून दाखवलं. त्यानं लेकीच्या हातात ते केलं. सांग. बनव्वाचे हात सुरू झाले. राचप्पाला त्यातलं काहीएक कळेना. हंपव्वा मध्ये पडून अर्थ सांगायला लागली, तसा तो म्हणाला,

"तू जा. चुकू दे मला."

हंपव्वा उठून माझ्याकडं आली आणि उंबऱ्यावर बसली. तिकडं बापलेक बसले. लहान लेकराला शिकवावं तसं पोर एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. त्याचा हात घेऊन जमिनीवर आपटायची, त्याच्या पायाला लावायची, नाकाला लावायची. चुकला की त्याच्या हातावर चापट. बाप मान हलवायचा, विसरायचा की तिला मान दिसत नाही, मग तिचा हात घेऊन आपल्या हनुवटीला लावून मान हलवायचा. दिवे लागले तरी उठली नाहीत. हंपव्वानं माझ्याकडंच चार घास खाल्ले, कितीतरी दिवसांनी.

मग राचप्पा बाहेर आला. माझ्यासमोर ओट्यावर टेकला.

"अक्का, त्या माणसानं तिला ओळखलं नव्हतं," तो म्हणाला. "तिनं त्याला ओळखलं होतं."

त्याला कळलं ते असं. लोंढ्यात आईचा हात सुटला तेव्हा ती घाबरली नव्हती, कारण त्याच वेळी रथ जवळून चालला होता आणि त्याची चाकं तिला जमिनीतून तळपायांना कळत होती. एवढं मोठं काहीतरी चालत येतंय, हे तिला फार आवडलं होतं. चाकं लांब गेल्यावर तिला आठवण झाली की आई नाही. मग ती भाकरीच्या वासाच्या दिशेनं निघाली, जिथं वास तिथं माणसं बसलेली असणार म्हणून. आणि बसलेल्या माणसांचे हात चाचपून बघत गेली. एक हात मऊ होता, तो सोडला. एकाच्या बोटांत अंगठ्याच अंगठ्या होत्या, तो सोडला. एकानं तिला ओढायला बघितलं, त्याला ती चावली. मग एक हात लागला, त्याच्या उजव्या तळव्यावर मुठीच्या दोरीचा घट्टा होता.

"माझ्यासारखा हात शोधत होती," राचप्पा म्हणाला. त्यानं आपला तळवा उलटासुलटा करून बघितला. मग हंपव्वाला म्हणाला, "तिला भूक लागलीय. पदर बांधू नकोस, असं सांगितलंय तिनं. आणि मी हो म्हटलंय."

दुसऱ्या दिवसापासून त्याची शाळा सुरू झाली. मागावर बसण्याआधी आणि उठल्यानंतर तो लेकीसमोर बसायचा. विणकराची बोटं ताठ, खुणा वेड्यावाकड्या. एकदा त्यानं तिला मोठ्या हौसेनं सांगितलं की आज आईनं भरली वांगी केलीत. पण वांग्याऐवजी गाल फुगवून बसला आणि तिचा हात गालाला लावला. पोरीला कळलं, आज आईनं भरली नीलव्वा केलीय. ती इतकी हसली की धापा टाकत आडवी झाली. तिचं हसणं मोठं, वरखाली होणारं, ओबडधोबड. ते ऐकून नीलव्वा समोरून ओरडली, काय झालं रे? कुणी तिला सांगितलं नाही.

राचप्पानं मग आपल्या दारापासून नीलव्वाच्या दारापर्यंत आणि तिथून माझ्या दारापर्यंत भिंतीच्या कडेनं दोर ओढला. गल्लीतल्या माणसांनी खुंट्या ठोकून दिल्या. दोराला धरून बनव्वा एकटी हिंडायला लागली. माझ्या घरी यायची आणि डबे उघडून वास घ्यायची. रहाटावर धोट्यातल्या कांड्यांना सूत भरायला ती शिकली, त्यात काही नवल नाही, गल्लीतल्या सगळ्या बायका तेच करतात. धागा तुटला की तिचं बोट थांबायचं, गाठ मारून पुढं. बापाला कांडी हवी असली की तो जमिनीवर पाय आपटायचा, तिला ते बसल्या जागी कळायचं आणि ती कांडी घेऊन हजर. उशीर झाला तर दोनदा आपटायचा, तेव्हा मात्र ती मुद्दाम सावकाश यायची.

नीलव्वा गेली तेव्हा हंपव्वानं लेकीला तिच्याजवळ बसवलं आणि तिचा हात आजीच्या गालावर ठेवला. बनव्वानं गाल चाचपला. गाल हलत नव्हता, आत पान नव्हतं. तिनं आजीचे हात घेतले आणि त्यांना काहीतरी सांगून बघितलं. मग उठून कोनाड्यातला पानाचा डबा शोधला, एक पान आजीच्या हातात दिलं आणि तिची बोटं मिटवली. ते पान तसंच बरोबर गेलं.

आईबापांना खातो तो एकच घोर, आमच्यामागं काय. हंपव्वा वर्षानुवर्षं तो मनात घेऊन फिरली. कांड्या भरताना, भाजी निवडताना मध्येच म्हणायची, "अक्का, आमच्यामागं?" खोटा धीर द्यावा तर तिला तो चालत नव्हता. मग माझ्या घरात सून आली, इळकलची रेणुका. लग्न होऊन वर्ष झालं नसेल, ती बनव्वाच्या हातात बोलायला लागली. मी म्हटलं, एवढ्या लवकर कशी शिकलीस गं? म्हणाली, "अत्ती, तुम्ही दिवसभर बोलता, मला बोलायला वाव मिळत नाही. तिच्याशी बोलताना मध्ये कुणी तोंड घालत नाही." अशी माझी सून. दोघींचं गूळपीठ जमलं. एकमेकींच्या वेण्या घालतात, रुसतात, माझ्याविषयी काहीबाही बोलतात. रेणुकाच्या लेकराचं पहिलं बोलणंही हातातलंच, बनव्वाच्या तळव्यावर त्यानं "आणखी दे" अशी खूण केली, मग कधीतरी तोंडानं अम्मा म्हणाला.

एकदा हंपव्वानं तिच्यापुढंही तो प्रश्न काढला. रेणुका तिला चिक्कव्वा, म्हणजे काकू, म्हणते. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"अहो चिक्कव्वा, तुमच्यामागं म्हणजे काय? आत्ता तरी कुठं असते ती तुमच्याकडं? सकाळपासून माझ्याच घरात आहे. तुम्हीच तिला जेवायला बोलवायला येता."

 तो प्रश्न तिनं नंतर मला फारसा विचारला नाही.

आता बनव्वा पस्तिशीच्या पुढं गेली. राचप्पाचा माग दिवसातून थोडाच वेळ चालतो. मागापाशी जन्म काढलेल्या माणसांचं होतं तसं त्याचंही झालंय, कान गेलेत. हंपव्वा ओरडून ओरडून थकली की म्हणते, "मामा, हात द्या इकडं," आणि जे सांगायचं ते तळव्यावर सांगून मोकळी होते. त्यात तिचे शब्दही कमी खर्च होतात आणि गल्लीलाही कळत नाही.

परवा मी सांडगे द्यायला गेले होते. बाप आणि लेक ओसरीवर हातात हात घालून बसली होती आणि काहीतरी रंगात आलेलं होतं. बनव्वा मधूनच हसत होती, राचप्पाही गालात हसत होता. हंपव्वा आतून बाहेर आली.

"काय बोलताय दोघं? मला नावं ठेवताय ना?"

राचप्पाला ऐकू आलं नाही. बनव्वाला येण्याचा प्रश्न नव्हता. हंपव्वा हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली. मग आत जाऊन तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात पुसत बाहेर आली आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत बसून आपलाही हात त्यांच्यात घातला.